आधी मुलीची उंची मोजा, मग पार्क ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, अडुसष्टच्या सासूबाई आणि तुम्ही दोघं. पुढच्या मे महिन्यात एक मोठी परदेश सहल करायची आहे, मुलांना अम्युझमेंट पार्कच हवंय, आणि ‘जगातले सर्वोत्तम’ म्हणून शंभर नावं समोर येतात. त्यातलं खरंच जाण्यासारखं कुठलं? मी बावीस वर्षं नाशिकहून गट घेऊन फिरतोय, त्यामुळे जरा लांबच लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी एक काम करा. मुलीला अनवाणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलने रेघ मारा आणि टेपने मोजा. सेंटिमीटरमध्ये. तो आकडा कळल्याशिवाय पार्कची नावं घेण्यात अर्थ नाही.

हे मी शिकलो ते एका नऊ वर्षांच्या मुलामुळे. परदेशातल्या एका नामांकित पार्कात १३७ सेंटिमीटरची अट असलेली राइड होती आणि हा पोरगा वर्षभर तिचेच व्हिडिओ बघत होता. उंची १३४. वडिलांनी आदल्या रात्री हॉटेलात त्याच्या बुटात वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या, वर दोन मोजे. पाऊण तास रांगेत उभं राहून पुढे गेल्यावर पट्टी धरून उभ्या असलेल्या मुलीने गोड हसून बूट काढायला सांगितले. आतून आपला मराठी पेपर निघाला. वडील हुज्जत घालत राहिले आणि पोरगं तिथेच फरशीवर बसून रडायला लागलं. पुढचा सगळा दिवस गेला.

उंचीची अट धिटाईची परीक्षा नाही. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक बांध्याला धरतो. गाडी उतारावरून सुटली की अंग सीटवरून उचललं जातं, त्या क्षणी लहान अंग दांड्याखालून निसटू शकतं. म्हणून कितीही ओळख काढा, कोणी सोडत नाही, आणि सोडूही नये.

अंदाज यावा म्हणून: ऑर्लँडोच्या डिस्नेतल्या ‘टॉवर ऑफ टेरर’ला १०२ सेंटिमीटर पुरतात. त्याच शहरातल्या युनिव्हर्सलच्या ‘हल्क’ला १३७ लागतात. अबुधाबीच्या ‘फॉर्म्युला रोसा’ला आणि जर्मनीतल्या ‘सिल्व्हर स्टार’ला १४०. सात वर्षांची आपल्याकडची मुलगी साधारण ११५ ते १२० च्या घरात असते. म्हणजे तुमच्या मुलाला जवळजवळ सगळं खुलं आणि मुलीला मोठ्यातलं बरंच बंद. अशा घरासाठी रायडर स्वॅप नावाची सोय मोठ्या पार्कांत असते: एक पालक मुलासोबत रांग लावून बसून येतो, दुसरा मुलीबरोबर बाहेर थांबतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल होते. राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, बस्स. आपले लोक संकोचाने विचारत नाहीत आणि चारपैकी दोघं दिवसभर पर्सा सांभाळतात.

आता पार्कांकडे. नाशिकच्या माणसाला नवरात्रातली कालिकेची यात्रा वेगळी सांगायला नको. आत जायला पैसे नाहीत. आकाशपाळण्याचे वेगळे, ब्रेक डान्सचे वेगळे, मौत का कुआचे वेगळे. जगातली जुनी पार्कं अशीच आहेत. कोपनहेगनच्या उत्तरेला जंगलात ‘बाकन’ आहे, त्याची सुरुवात १५८३ ची सांगतात. आजही फाटकावर तिकीट नाही. व्हिएन्नाचं ‘प्राटर’ म्हणजे बादशहाची शिकारीची जागा, ती १७६६ मध्ये लोकांना खुली झाली. तिथला उंच पाळणा १८९७ चा, सुमारे पासष्ट मीटर उंच. त्याला आधी तीस डबे होते. दुसऱ्या महायुद्धात जळाल्यावर पुन्हा उभारताना पंधराच लावले. डबा म्हणजे खिडक्यांची लहानशी खोलीच, चाक इतकं सावकाश फिरतं की सासूबाईंना चक्कर यायचं काही कारण नाही. युरोपच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये व्हिएन्ना असलं, तर संध्याकाळचा तास-दीड तास इथे द्या.

कोपनहेगनचं ‘टिव्होली’ १८४३ चं आणि रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर. इथे आत जायला तिकीट आणि राइडचे पैसे निराळे, त्यामुळे न बसणाऱ्या आजीसाठी फुकटचा खर्च होत नाही. १९१४ ची लाकडी रोलर कोस्टर अजून चालू आहे आणि तिचा ब्रेक रुळांवर नाही. गाडीत एक माणूस बसतो, तो हाताने ब्रेक ओढतो. आमच्या एका गटात एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका होते. दिवसभर ते कशातच बसले नव्हते. हा ब्रेकवाला दिसल्यावर तीनदा बसले. उतरल्यावर म्हणाले, “वळणाच्या आधी सोडतोय, वळणात धरत नाही. शिकलेला माणूस आहे.” ते काका मला अजून भेटले की टिव्होलीचंच बोलतात, पॅरिसचा टॉवर त्यांना आठवत नाही.

वॉल्ट डिस्ने हेच टिव्होली बघून गेले होते. बागेची स्वच्छता, दिवे, घरातले सगळे एकत्र फिरतायत, हे त्यांच्या मनात बसलं आणि १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ॲनहाइमला डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी बनावट तिकिटांवर माणसं घुसली, प्लंबरांचा संप झालेला असल्याने पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. आज जे काटेकोर वाटतं त्याची सुरुवात ही अशी. तेव्हा तिथेही एकरकमी तिकीट नव्हतं; राइडप्रमाणे कुपनांची पुस्तकं मिळायची. ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. हे सांगतोय अशासाठी की आजचं महागडं एकरकमी तिकीट काढलं की माणूस ‘पैसे वसूल’ करायच्या मागे लागतो आणि सहलीचं तिथेच वाटोळं होतं.

ऑर्लँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ चं. चार मोठी पार्कं, शिवाय वॉटर पार्कं. एकूण जागा सुमारे शंभर चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक महापालिकेच्या हद्दीच्या एक तृतीयांशाहून जास्त. त्याच शहरात युनिव्हर्सल, आणि मे २०२५ मध्ये उघडलेलं त्यांचं ‘एपिक युनिव्हर्स’ वेगळं. एका आठवड्यात उरकत नाही. मला विचाराल तर तुमच्या घरासाठी ही आत्ताची जागा नाही. मुलगी दहा-अकराची होऊ द्या, १३७ पार करू द्या, मग जा. आजच्या उंचीला एवढं विमानभाडं आणि व्हिसाची दगदग करून ती मोठ्या राइडपैकी बऱ्याच राइडच्या बाहेर उभी राहील. पुढे कधी गेलात तर डिस्नेच्या चार पार्कांपैकी ॲनिमल किंगडममधली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ नक्की करा. हिमालयातलं गाव इतकं बारकाईने उभारलंय की आपल्याला हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. आतला भला मोठा यती मूळचा हात उगारणारा होता. सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याची हालचाल थांबली. तेव्हापासून त्याच्यावर दिव्यांचा लखलखाट सोडून तो हलल्याचा भास करतात. जाणकार त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात.

टोकियोबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. जगात डिस्नेची पार्कं बरीच आहेत, पण ‘डिस्नेसी’ एकच, २००१ मध्ये उघडलेलं. मधोमध ज्वालामुखी, त्याच्या पोटात राइड, भोवती पाणी आणि बंदरं. तिकीट न घेता नुसतं बसलं तरी डोळे निवतात, असं लिहिणार होतो; पण तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा असो. जून २०२४ मध्ये तिथे ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा नवा भाग सुरू झाला, तो सात वर्षांच्या मुलीसाठीच केल्यासारखा आहे. शेजारचं डिस्नेलँड १९८३ चं. त्यातली स्पेस माउंटन २०२४ मध्ये पाडून नव्याने बांधायला घेतली आहे, तिच्या भरवशावर जाऊ नका. नावात टोकियो असलं तरी हे शेजारच्या चिबा प्रांतात आहे. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनने माइहामाला उतरायचं, प्रवास पंधराएक मिनिटांचा. पण टोकियो स्टेशनात केइयोचा प्लॅटफॉर्म इतका आत आहे की सासूबाई गाडीत बसायच्या आधीच दमतील. त्या दिवशी टॅक्सी करा.

जपानला मे मध्ये जायचं तर ‘गोल्डन वीक’ टाळा, एप्रिलअखेर ते साधारण पाच-सहा मे. सगळा जपान तेव्हा बाहेर पडलेला असतो. त्यानंतरचे तीन आठवडे उत्तम. जूनमध्ये पाऊस लागतो. अडचण एकच, जेवणाची. भाजी दिसते तिच्यातही माशाचा अर्क असतो. बाहेरचा डबा आत न्यायला परवानगी नाही, मात्र फाटकाबाहेर डबा खायला बाकांची सोय केलेली आहे. आमचा गट तिथे बसून ठेपले, चिवडा आणि लसणाची चटणी खातो आणि परत आत जातो. आत पॉपकॉर्नच्या गाड्यांवर निरनिराळ्या चवी असतात, त्यात करी मसाल्याचीही मिळते. नाशिकच्या पोरांनी एकदा ती गाडी रिकामी केली होती.

तरीही तुमच्या घरासाठी माझं पहिलं नाव टोकियोचं नाही. ‘एफ्टेलिंग’ हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं नसेल. नेदरलँड्समध्ये आहे, १९५२ पासून. सुरुवात परीकथांच्या जंगलापासून झाली: झाडी, पायवाट आणि वळणावळणावर एखाद्या गोष्टीचं घर. १९६६ मध्ये त्यात ‘भारतीय कमळं’ आली, बेल्जियमच्या फाबिओला राणीने लिहिलेल्या गोष्टीवरून. त्यातला भारत आपण ओळखणार नाही, पण मुलीला आवडेल. ‘ड्रोमव्ह्लुख्त’ नावाची राइड आहे. छताला टांगलेल्या पाळण्यात बसून अंधारातून पऱ्या, वनदेव आणि तरंगते वाडे यांच्यामधून जायचं. सासूबाई तिच्यात बसू शकतात. आणि तुमच्या मुलासाठी ‘बॅरन १८९८’: खाणीत उतरायची गाडी. वर नेऊन कड्याच्या तोंडावर क्षणभर थांबवते, खाली काळं भोक दिसतं, मग साडेसदतीस मीटर सरळ खाली. उंची १३२ लागते. एका पार्कात तिन्ही पिढ्या खऱ्या अर्थाने गुंतलेल्या मी इथे पाहिल्यात. ॲमस्टरडॅमहून डेन बॉशपर्यंत ट्रेन, पुढे बस. दोन दिवस द्या.

तिथूनच जर्मनीत ‘युरोपा-पार्क’ला या. रुस्ट हे काही हजार वस्तीचं गाव, तिथे मॅक घराण्याने १९७५ मध्ये हे पार्क काढलं. हे लोक अठराव्या शतकात घोडागाड्या बांधत होते, पुढे जत्रांच्या राइड बनवायला लागले आणि आपला माल गिऱ्हाइकाला चालवून दाखवता यावा म्हणून बाग काढली. आज तिथे वर्षाला पन्नास लाखांहून जास्त माणसं येतात. दुकानदारी अशी असावी! पार्क युरोपच्या देशांप्रमाणे विभागलंय. सासूबाईंनी ग्रीसमध्ये बसून कॉफी प्यावी, मुलाने ‘सिल्व्हर स्टार’ करावी. ती ७३ मीटर उंच आहे. रिंग्सहाइम स्टेशनला उतरलं की बस मिळते.

मे मधली युरोपची हवा आपल्या जानेवारीसारखी, पण त्याच सुमारास, मे-जूनमध्ये, स्वर्गारोहण दिन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या येतात, तारखा दरवर्षी हलतात. त्या सुट्ट्यांचे दिवस टाळा, एरवी शाळा चालू असताना रांगा सुसह्य असतात. दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. अपॉइंटमेंटच्या मागे जानेवारीतच लागा, आपली द्राक्षं उतरायला लागतात तेव्हा.

खर्च झेपणार नसेल तर अबुधाबी, आणि त्यात कमीपणा काही नाही. मुंबईहून तीनएक तासांचं विमान. मे मध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा, पण यास बेटावरचं ‘फेरारी वर्ल्ड’ आणि ‘वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड’ दोन्ही छताखाली, थंडगार. ‘फॉर्म्युला रोसा’ मात्र छताबाहेर पळते, पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटर. वाळूचा कण डोळ्यात जाऊ नये म्हणून गॉगल देतात. गंमत म्हणजे ती टेकडी चढून वेग घेत नाही. विमानवाहू जहाजावरून विमान फेकतात तशी ढकलली जाते, त्यामुळे भीती वाटायलाही सवड मिळत नाही. मुलगा १४० च्या वर असेल तर त्याच्यासाठी हे एक कारण पुरे आहे. मुलीसाठी वॉर्नर ब्रदर्स. उन्हाळ्यात हॉटेलंही स्वस्त पडतात.

सिंगापूरचं युनिव्हर्सल आपल्याकडच्या प्रत्येक पॅकेजमध्ये असतं. छान आहे, छोटं आहे, एक दिवस भरपूर. फक्त त्याच्यासाठी सिंगापूरला जाऊ नये.

अमेरिकेतल्या ओहायोचं ‘सीडर पॉइंट’, जपानचं ‘फुजी-क्यू’ ही कोस्टरवेड्यांची तीर्थं. कॉलेजच्या पोरांनी जावं. सासूबाईंना घेऊन नको.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या मात्र तपासून घ्या. ‘जगातली सर्वात उंच’ म्हणून न्यू जर्सीची ‘किंगडा का’ अजून त्यात असते. ती १३९ मीटर होती हे खरं, पण २०२४ मध्ये बंद झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. दुबईचं बॉलिवूड पार्कही २०२३ मध्ये बंद झालं. माझ्याकडे आजही कोणी ना कोणी त्याची चौकशी करतं.

आता पोटाचं. लोकांना वाटतं मळमळ उलट्यापालट्या कोस्टरमध्ये होते. खरं तर जास्त त्रास पडद्यासमोरच्या राइडमध्ये होतो, जिथे खुर्ची जागच्या जागी हलते आणि समोर आपण उडत असतो. डोळे म्हणतात पळतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं बसलोय. भांडण पोट सोडवतं. तसं वाटलं की डोळे मिटून घ्या, पडदा बघू नका. मी खिशात आलेपाक ठेवतो. आणि मुलगा कोस्टरला कुठे बसू विचारेल: दृश्य हवं तर पहिला डबा, पोटात गोळा हवा तर शेवटचा. पुढचे डबे उतारावर गेलेले असतात तेव्हा मागचा अजून वर चढत असतो, त्याला हिसका देऊन खाली ओढलं जातं.

दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणं होतं. नवे बूट घेऊन जाऊ नका. सासूबाई रोज गोदाघाटावर फिरायला जात असल्या तरी व्हीलचेअर भाड्याने घ्या; त्या नको म्हणतील, तरी घ्या, निदान पिशव्या ठेवायला म्हणून. दुपारनंतर त्याच बसतील. त्यांना हृदयाचा, मणक्याचा त्रास असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांना राइडचं नाव सांगून विचारा. ‘फिरायला जाऊ का’ असं मोघम विचारलं की ते हो म्हणतात. सकाळी फाटक उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि सरळ आतल्या सर्वात मोठ्या राइडकडे चला. फोटो नंतर. जेवण अकराला उरका, बारा वाजता सगळं जग जेवायच्या रांगेत असतं.

आणि तिकिटं काढायच्या आधी एकदा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन या. सकाळी अंधारात निघायचं, रात्री मुक्काम करायचा. मुलगा ‘नायट्रो’त बसतो की रांगेतून माघारी फिरतो, मुलीला मळमळतं का, सासूबाई कुठल्या तासाला बाक शोधतात, नवऱ्याचं डोकं किती वाजता तापतं, हे सगळं एका दिवसात कळतं. माझ्या दोन कुटुंबांनी हे करून परदेशाचा बेत बदलला आणि स्वित्झर्लंडला डोंगर बघायला गेली. सुखात परतली.

सासूबाई काय करतील ही तुमची खरी काळजी, प्रश्नात दोनदा आलीये. तर एफ्टेलिंगमध्ये ठिकठिकाणी एक जाडा, तोंड वासलेला पुतळा बसलेला असतो, होले बोले खेइस. तो डचमध्ये ‘कागद इकडे, कागद इकडे’ ओरडत असतो. तोंडाजवळ कागद नेला की फस्सकन ओढून घेतो आणि आभार मानतो. कचरापेटीच ती. सिन्नरच्या एक आजी आमच्या गटात होत्या, कुठल्याही राइडमध्ये बसणार नाही म्हणून घरूनच ठरवून आलेल्या. त्यांना मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसवून गेलो. दीड तासाने आलो तर आजींनी पर्समधल्या सगळ्या पावत्या, बिस्किटांचे कागद, माझं छापील वेळापत्रकसुद्धा त्याला खाऊ घातलं होतं, आणि शेजारच्या डच पोरांकडून आणखी कागद मागत होत्या.

मुलीची उंची आणि मुलाची, दोन्ही कळवा. मग दिवसांचं गणित मांडू.